गुलमर्गसाठी एकच स्नोबोर्ड घ्यायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ७२ किलो, उंची ५ फूट ९ इंच, नेहमीच्या बुटाचं माप ९. औलीला शिकलात, मग गुलमर्गला दोन-तीन हिवाळे भाड्याच्या बोर्डवर काढलेत. आता गोंडोल्याच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून ताज्या बर्फात उतरायचं आहे आणि त्याच बोर्डवर छोट्या उड्या, वन-एटी (हवेत अर्धी गिरकी), उलट पाय पुढे ठेवून चालवणं हेही शिकायचं आहे. डेन्व्हरची मामेबहीण जूनमध्ये पुण्याला येणार आहे, तिच्याकडून एकच बोर्ड मागवायचा आहे. तो फ्रीराइडचा (न दाबलेल्या डोंगरउतारांसाठीचा) मागवावा की फ्रीस्टाइलचा (उड्या-गिरक्यांसाठीचा)?

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. दोन्हीच्या मधला घ्या, पण झुकता फ्रीराइडकडे. डिरेक्शनल ट्विन आकार (दोन्ही टोकं जवळपास सारखी, पण पायांची जागा जरा मागे), लांबी १५६ ते १५८ सेंमी, कमरेची (बोर्डच्या सगळ्यात अरुंद भागाची) रुंदी २५.२ ते २५.६ सेंमी, कडकपणा मध्यमपेक्षा किंचित वर, पायांखाली कॅम्बर (कमानीसारखी उचल) आणि नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, रॉकर (वर वळलेलं टोक). आणि बोर्डच्या आधी बूट. बूट मात्र कोणाकडूनही मागवू नका. ते पायात घालून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

मी हिवाळ्यात गुलमर्गला शिकवते आणि उरलेलं वर्ष पुण्यात असते. बोर्ड घेण्याबद्दल विचारणारे बहुतेक जण परदेशातल्या रिसॉर्टचे व्हिडिओ बघून यादी करतात. तिथे सकाळी यंत्राने दाबून सपाट केलेले उतार असतात आणि उड्यांसाठी रोज नीटनेटकी केलेली पार्क असतात. आपण ज्या बर्फावर उभे राहणार आहोत तो वेगळा आहे, म्हणून निवड तिथून सुरू करायला हवी.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे सुमारे ३,०८० मीटरवर सोडतो, आणि दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९८० मीटरवर. खालच्या भागात काही उतार यंत्राने दाबलेले मिळतात. वर मात्र जसा पडला तसा बर्फ, आणि त्यावर वारा. हा बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. आले की दोन-तीन दिवस पडतच राहतो, मग कितीतरी दिवस आकाश निळं. २०२४ मध्ये तर जानेवारीचा मध्य उलटला तरी गुलमर्गचं मैदान उघडं होतं. म्हणजे पुण्याहून आठवड्याची रजा काढून गेलात तर मांडीएवढ्या ताज्या बर्फाचे दिवस नशिबाने दोन मिळतील. बाकीचे दिवस इतरांच्या पट्ट्यांनी उकरलेला, उन्हात मऊ होऊन रात्री पुन्हा गोठलेला, कड्याजवळ वाऱ्याने पत्र्यासारखा घट्ट केलेला बर्फ. तुमच्या बोर्डला हे सगळं पेलायचं आहे. फक्त पावडरसाठी, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठी, बनवलेला, रुंद नाकाचा आणि आखूड शेपटीचा बोर्ड त्या दोन दिवसांत स्वर्गसुख देतो, पण उरलेले दिवस उलट पायाने उतरणं नकोसं करतो.

फ्रीस्टाइलचंही तसंच. गुलमर्गला तुम्ही उड्या माराल त्या रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीवरून, वाऱ्याने रचलेल्या ओठावरून किंवा झाकल्या गेलेल्या एखाद्या ओंडक्यावरून. उतरण्याची जागा कोणी सारखी करून ठेवलेली नसते. वन-एटी मारून उलट पायाने उतरताना मागचं टोक पुढे येतं आणि ते मऊ बर्फात रुतलं तर तोंडावर पडायला होतं. म्हणून शेपटीलाही पुरेशी लांबी आणि उचल हवी. रेलवर (पार्कमधल्या लोखंडी दांड्यांवर) घसरण्यासाठी बनवलेला लुसलुशीत बोर्ड इथे उपयोगाचा नाही, कारण खडबडीत उतरणीवर तो पायाखाली थरथरतो आणि आधार देत नाही.

आता रुंदी. बोर्ड चुकतो तो सगळ्यात जास्त वेळा इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्याकडच्या बुटांवर छापलेला आकडा सहसा यूके मापाचा असतो. बोर्ड कंपन्यांचे तक्ते मात्र अमेरिकी मापात असतात आणि पुरुषांच्या बुटात अमेरिकी आकडा यूकेपेक्षा एकाने मोठा येतो. तुमचे ९ म्हणजे तिकडचे १०. मामेबहिणीला नुसतं ‘नऊ नंबर’ कळवलंत तर ती तिकडच्या नवाला शोभेल असा अरुंद बोर्ड आणेल आणि तुम्ही प्रत्येक खोल वळणात बोटांची टोकं बर्फात घासत बसाल. घासणं म्हणजे नुसतं गैरसोयीचं नाही. कडक उतारावर बुटाचं टोक अडकलं की कड सुटते आणि माणूस सरळ खाली घसरतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे मिलिमीटर. संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असताना, जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला लावा, पूर्ण वजन देऊन उभे राहा आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे खूण करा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. २८० मिलिमीटरच्या आसपास आलं तर स्नोबोर्ड बुटांच्या मोंडो मापात ते २८, आणि अमेरिकी १० शी जुळतं. हा मोंडो आकडा सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे तक्त्यांचा घोळ होत नाही.

बोर्ड घरी आल्यावर पडताळणी अशी करा. बाइंडिंग (बूट बोर्डला जखडणारे पट्टे) लावा, त्यात बूट अडकवा आणि बोर्ड टेबलावर ठेवा. पंजाकडे बूट कडेच्या किती बाहेर येतो आणि टाचेकडे किती, हे पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं आणि प्रत्येकी एक ते दोन सेंमी आलं तर उत्तम. एकीकडे जास्त येत असेल तर बाइंडिंगची चकती सरकवून मध्यावर आणा. मग एक लांब पट्टी स्टीलच्या कडेवर टेकवून बुटाच्या पुढच्या टोकाला लावा. पट्टीने बोर्डच्या तळाशी केलेला कोन म्हणजे बूट बर्फाला लागायच्या आत तुम्ही जास्तीत जास्त किती कलू शकता ते. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी शिकवते त्या प्रत्येकाकडून हे करून घेते.

‘मग सरळ वाइड बोर्डच घेतो’ असंही करू नका. गरजेपेक्षा रुंद बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळ घेतो. गुलमर्गजवळच्या बाबा रेशीच्या बाजूच्या झाडांत तो वेळ तुमच्याकडे नसतो. अमेरिकी ११ आणि त्यापुढच्या पायांसाठी वाइड, तुमच्यासाठी नाही.

लांबी ठरते वजनावरून. भाड्याच्या दुकानात बोर्ड हनुवटीशी लावून देतात, ते पहिल्या दिवशी शिकणाऱ्यासाठी ठीक आहे. बोर्ड तुमची उंची ओळखत नाही, त्याच्यावर किती भार येतो तेवढंच त्याला कळतं. वरच्या टप्प्यावर जाताना पाठीवर फावडं, प्रोब (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायची लांब काठी), पाणी, जादा जाकीट असं पाच-सहा किलो येतंच. सिंहगड चढताना घेता त्या पिशवीपेक्षा ती जडच असते. ७२ किलोला १५५ ही लांबीही चालली असती, पण पिशवीसकट आणि ताज्या बर्फासाठी मी १५७ च्या आसपास जाईन. १६० च्या वर नको, हवेत फिरवताना प्रत्येक जादा सेंटिमीटर जाणवतो.

आता बोर्डची बाजूने दिसणारी वाकण. कॅम्बर आणि रॉकर हे शब्द जाहिरातींत इतके गुंतवून ठेवलेत की माणूस भांबावतो, म्हणून ते फरशीवर बघा. घरात शहाबादी किंवा कुठलीही सपाट फरशी असली की झालं. बोर्ड तळ खाली करून ठेवा आणि डोळा फरशीच्या पातळीला आणा. कॅम्बरचा बोर्ड दोन टोकांजवळ टेकलेला आणि मध्ये काही मिलिमीटर उचललेला दिसेल, एखादं पोस्टकार्ड दोन बाइंडिंगच्या मधून सहज आरपार जाईल. वर उभे राहिलात की ती फट मिटते. मिटलेली फट म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग. कडक बर्फावर कडेची टोकं घट्ट रुततात ती तिच्यामुळे, आणि शेपटीवर भार देऊन उडी मारताना जो झटका मिळतो तोही तिचाच. रॉकरमध्ये उलटं असतं: मध्यभाग टेकलेला, टोकं आधीच उचललेली. ताज्या बर्फात नाक आपोआप वर राहतं, कड अडकून पडणं कमी होतं, पण घट्ट बर्फावर बोर्ड गोल फिरायला बघतो.

तुम्हाला हवा तो मिश्र. तेच पोस्टकार्ड नाकाकडून सरकवा: ते पुढच्या बाइंडिंगच्या दिशेने बरंच आत गेलं पाहिजे. शेपटीकडून सरकवलं तर त्याहून कमी आत जावं. आणि दोन पायांच्या मध्ये फट असलीच पाहिजे. असा बोर्ड पावडरमध्ये नाक वर काढतो, वाऱ्याने घट्ट झालेल्या भागात धरून ठेवतो आणि उडीला झटका देतो. पायांच्या मध्ये रॉकर आणि पायांखाली कॅम्बर असाही एक मिश्र प्रकार मिळतो. शिकाऊला तो मायाळू वाटतो, पण अफरवटच्या वरच्या भागात, जिथे कडेवर विश्वास टाकावा लागतो, तिथे तो मला पुरेसा खंबीर वाटत नाही.

डिरेक्शनल ट्विन हे नाव प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने वापरते, त्यामुळे नावावर न जाता दोन आकडे बघा. पहिला सेटबॅक, म्हणजे पायांची जागा मध्यापासून किती मागे आहे: १० ते २० मिलिमीटर चांगलं. दुसरा टेपर, म्हणजे नाक शेपटीपेक्षा किती रुंद आहे: शून्य ते पाच मिलिमीटर. टेपर दहाच्या वर गेला की तो बोर्ड पुढच्या दिशेसाठीच बनवलेला आहे असं समजा, उलट पायाने चालवताना तो सतत विरोध करेल.

कडकपणाच्या एक ते दहा या आकड्यांवर फार विसंबू नका, एका कंपनीचा सहा दुसरीचा पाच असतो. एकाच कंपनीच्या बोर्डांमध्ये तुलना करायला ते ठीक. सहाच्या आसपास बघा. साइडकटचा, म्हणजे कडेच्या आतल्या वळणाचा, विचार या टप्प्यावर सोडून दिलात तरी चालेल.

तळ मात्र सिंटर्डच (भुकटी दाबून बनवलेला, मेण शोषणारा) घ्या. स्वस्त बोर्डांचा तळ एक्स्ट्रूडेड (वितळवून बनवलेला) असतो, निगा कमी लागते, पण तो मंद चालतो. गुलमर्गला चांगल्या उतारापर्यंत पोचायला आडवं जावं लागतं, आणि जंगलातून खालच्या तनमर्ग किंवा द्रुंग गावाच्या बाजूला उतरलात की शेवटी सपाटी येते. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात, आपल्याला वेग राखूनच पार व्हावं लागतं. मेण नीट पाजलेला सिंटर्ड तळ असेल तर पार होता, नाहीतर एक पाय काढून कमरेएवढ्या बर्फात ढकलत बसावं लागतं. ज्याने ते एकदा केलं त्याला तळाचं महत्त्व सांगावं लागत नाही.

नावं विचारलीत म्हणून सांगते. जोन्सचा माउंटन ट्विन आणि कॅपिटाचा मर्क्युरी हे दोन्ही याच गटात बसतात. माउंटन ट्विन जरा सोपा, मर्क्युरी जास्त ताठ. बर्टनचा कस्टम १९९६ पासून बनतोय, तो कॅम्बर आणि फ्लाइंग व्ही (पायांच्या मध्ये रॉकर असलेला) अशा दोन रूपांत मिळतो. घ्यायचाच तर कॅम्बरचा, पण नाकाला रॉकर नसल्याने खोल बर्फात मागची मांडी जास्त राबते, हे लक्षात ठेवा. तुमच्या जागी मी माउंटन ट्विन घेईन. गेल्या वर्षीचा मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या, बरेचदा फक्त वरचं चित्र बदललेलं असतं. या गटातल्या बोर्डांच्या किमती अमेरिकेत फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतात. बहीण जूनमध्ये निघणार असली तरी खरेदी मार्च-एप्रिलमध्ये करायला सांगा, नंतर तुमची लांबी उरत नाही.

तिच्या विमानाचंही आधी बघा. अनेक विमान कंपन्यांची बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंमी असते. तुमच्या बोर्डची नुसती लांबीच तेवढी आहे. बऱ्याच कंपन्या स्नोबोर्डची पिशवी खेळाचं सामान म्हणून वेगळ्या नियमात घेतात, पण तिकीट काढतानाच विचारून ठेवायला हवं. पुणे-श्रीनगर प्रवासात देशांतर्गत मर्यादा बहुधा १५ किलोची. बोर्ड, बाइंडिंग आणि बूट मिळून आठ किलोच्या आसपास जातात, म्हणून बूट हातातल्या सामानात घ्या. बोर्ड उशिरा पोचला तर भाड्याचा मिळतो, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत.

बाइंडिंग मध्यम ताठ. बर्टनच्या काही बोर्डांना छिद्रांऐवजी लांब खाच असते, तेव्हा चकती जुळते ना हे आधीच विचारा. छिद्रांचा बोर्ड असेल तर दोन सेंमी अंतरावरची छिद्रं असलेला बघा, चार सेंमीवाल्यात बारीक फेरफार जमत नाही. सुरुवात पुढचा पाय अधिक १५ ते १८ अंश आणि मागचा उणे ६ ते ९ अशी करा. बर्फ पडत असेल त्या सकाळी दोन्ही बाइंडिंग एकेक छिद्र मागे घ्या, उघडा पडला की पुन्हा पुढे. सोबत नंबर तीनचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर ठेवा. स्क्रू एम-६ जातीचे असतात आणि पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील, पण लांबी जुन्या स्क्रूशी ताडूनच घ्या. जास्त लांब स्क्रू आतून तळावर दाब देतो आणि खालून फुगवटा येतो.

बुटांसाठी गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानांत वेगवेगळे घालून बघा, किंवा परदेशी जाणं झालं तर तिथे. एकच मोजा घाला. ताठ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. टाच उचलली जाता कामा नये. दुकानात सैल-आरामशीर वाटलेला बूट तिसऱ्या दिवशी ढगळ होतो.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. फेज टूच्या, म्हणजे गोंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्यावरच्या, मोकळ्या उतारांवर जायचं तर ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र), फावडं, प्रोब आणि ते वापरायचा सराव आधी हवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. पैसे मर्यादित असतील तर बोर्ड आणखी एक हिवाळा भाड्याचा वापरा आणि हे तीन आधी घ्या. मी हे अगदी मनापासून सांगतेय. गस्तीवाले ज्या दिवशी वरचा भाग बंद ठेवतात त्या दिवशी खालच्या उंचवट्यांवर वन-एटीचा सराव करा, बोर्ड त्यासाठीच तर दोन्हीला चालणारा घेतोय.

शेवटी पुण्यातली निगा. बोर्ड वर्षातले अकरा महिने इथेच असणार आहे आणि जून ते सप्टेंबरची हवा स्टीलच्या कडांना मुळीच मानवत नाही. मार्चमध्ये परत आलात की बाइंडिंग काढा, तळ आणि कडा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा, काश्मिरातला चिखल आणि रस्त्यावरचं मीठ कडेच्या खोबणीत राहतं. मग मेणाचा जाड थर इस्त्रीने पसरा, कडांवरही येऊ द्या, आणि तो खरवडू नका. वाफेची भोकं असलेली घरची इस्त्री नको, जुनी सपाट तळाची चालेल. ती इतकीच तापवा की मेण वितळेल पण धूर येणार नाही, आणि एका जागी थांबवू नका. बोर्ड कपाटात किंवा पलंगाखाली आडवा ठेवा, पिशवीत घालून चेन लावू नका, ओल आत कोंडते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात तिथे चिकटवलेले थर सुटायला लागतात. गणपतीच्या सुमारास एकदा बाहेर काढून कडांवरून बोट फिरवा. तांबूस डाग दिसले तर बारीक गम स्टोनने (कडा घासायच्या रबरी खड्याने) तिथल्या तिथे जातात, डिसेंबरपर्यंत तसेच राहिले तर खड्डे पडतात. थर खरवडायचा तो निघायच्या आदल्या आठवड्यात, पुण्यातच. गुलमर्गच्या हॉटेलच्या खोलीत गालिच्यावर मेणाचा भुसा सांडून ठेवू नका.